जर्सीच्या पाठीवर भाऊंचा फोटो

वाचकांचे मैदानावरचे प्रश्न. उत्तरं देतात मिरजेचे एक निवृत्त पीटी शिक्षक आणि जुने फुटबॉल रेफ्री.

प्रश्न : सर, मी सांगलीतल्या एका तरुण मंडळाचा खजिनदार आहे. वय २६. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही फुटबॉलची सेवन-अ-साइड, म्हणजे सात-सात जणांची, स्पर्धा घेतो, सोळा टीम असतात. गेल्या वर्षी वर्गणी आणि टीमची प्रवेश फी मिळून ३८ हजार जमले, खर्च ५२ हजारांवर गेला. वरचे १४ हजार आम्ही चौघांनी खिशातून घातले. यंदा वॉर्डातले निवडणुकीचे एक इच्छुक स्वतःहून आले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पहिलं बक्षीस ३१ हजार आणि सोळाही टीमना जर्सी द्यायला तयार आहेत. जर्सीच्या पाठीवर त्यांचा फोटो, मैदानाच्या चारी बाजूंना त्यांचे डिजिटल फलक आणि फायनलच्या हाफटाइमला दहा मिनिटं माइक, एवढ्याच अटी आहेत. मंडळात दोन तट पडलेत. जुनी मंडळी म्हणतात, पैसा कुणाचा का असेना, पोरं खेळतात ना. शिवाय फुटबॉलच्या संघटनेत वरपर्यंत पुढारीच बसलेत, मग आपणच कशाला सोवळं पाळायचं? मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते बैठकीत सांगता येत नाही. तुम्ही सांगा.

उत्तर : खजिनदारा, माझा थोरला नातू तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस. तुझ्या पत्रात जर्सी आहे, बक्षीस आहे, डिजिटल आहे. रेफ्रीच्या मानधनाचा मात्र कुठं उल्लेख नाही. ते असो, सवय आहे.

आधी माझं एक देणं सांगून टाकतो, म्हणजे मी फार धुतल्या तांदळाचा आहे असं वाटायला नको. १९६७ साली मी डावा बॅक खेळायचो आणि माझ्याकडे बूट नव्हते. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं मला स्टडचे बूट घेऊन दिले. दुकानात स्वतः बसून माप घ्यायला लावलं, आणि एक नंबर मोठे घे, पाय वाढतोय, असंही त्यांनीच सांगितलं. बुटावर त्यांचं नाव नव्हतं. गावात कुणाला कळलंही नाही. ते उभे होते तोवर माझं मत त्यांनाच जात राहिलं, ही गोष्ट वेगळी. तेव्हा पुढाऱ्याचा पैसा म्हटला की विटाळ, असं मी म्हणणार नाही. तुमच्या जुन्या मंडळींचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे.

आता जर्सी. पाठीवरचा नंबर कुणासाठी असतो, माहीत आहे का? आई-बापासाठी नसतो, फोटोग्राफरसाठी नसतो. माझ्यासाठी असतो. मी तीस यार्डांवरून पळत येतो, गर्दीत कुणीतरी कुणाचा तरी पाय मागून ओढलेला असतो आणि मला डायरीत नंबर लिहायचा असतो. तिथं पाठभर हसरा चेहरा असेल आणि त्याच्या कपाळावर बारीक सात छापला असेल, तर मी काय लिहू? भाऊंना पिवळं कार्ड? दुसरं, सोळाही टीमना एकाच माणसाकडून एकाच ऑर्डरमधून जर्सी येणार म्हणजे रंग एकच येणार, कारण घाऊकात स्वस्त पडतं. मग मैदानात चौदा भाऊ पळताहेत, गोल मारणारे भाऊ, गोल खाणारेही भाऊ. पास कुणाला द्यायचा हे पोरांनाच कळणार नाही.

हसण्यावारी नेऊ नकोस. खेळाच्या नियमांतला चौथा नियम खेळाडूच्या पोशाखाचा आहे. दोन टीमचे रंग वेगळे ओळखू आले पाहिजेत, हेही त्यातच आहे. आणि पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर, चित्र चालणार नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. दुकानदाराची जाहिरात चालते, कंपनीचं नाव चालतं, हे चालत नाही. किती ताणतात हा नियम? ११ नोव्हेंबर २०१६ ला वेम्ब्लीवर इंग्लंड-स्कॉटलंड मॅच होती. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी तिकडे त्या दिवशी पॉपीचं लाल फूल लावतात. खेळाडूंनी ते दंडावरच्या काळ्या पट्टीवर लावलं. फिफानं इंग्लंडला ४५ हजार आणि स्कॉटलंडला २० हजार स्विस फ्रँक दंड केला. मला तो दंड अजून पटलेला नाही, आणि पुढच्या वर्षी त्या फुलाला वाट मोकळीही झाली. पण बघ, मेलेल्या सैनिकांच्या फुलावर जिथं एवढा खल होतो, तिथं आपण जिवंत इच्छुकाचा रंगीत फोटो छापायला निघालोय. आपल्या गल्लीतल्या स्पर्धेला दंड करायला फिफा येणार नाही, ठाऊक आहे. नियम मात्र तोच आहे.

माइकबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण ते माझं जुनं दुखणं आहे.

पंचवीसेक वर्षं झाली. मिरजेपासून फार लांब नाही असं एक गाव, डिसेंबर महिना, फायनल. निवडणूक जवळ होती. कुठली ते सांगत नाही, सांगितलं तर माणूस ओळखू येईल. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ आणि मध्ये दहा मिनिटं असं ठरलं होतं. साडेचारला शिट्टी मारली, पाच वाजून पाच मिनिटांनी हाफटाइम झाला, एक-एक बरोबरी. पब्लिक दोरीच्या आत आलं होतं इतकी गर्दी. आणि नेमकी तेव्हाच जीप थेट मैदानात आली. मी सकाळी स्वतः उभा राहून फक्की मारून घेतली होती, तिच्यावरून चाकं गेली. पेनल्टी बॉक्सची एक रेघच पुसली.

साहेब उतरले, हलगी वाजली, हार झाले. मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फेटा. सरपंच, चेअरमन, डेअरीवाले, जागा देणारे, मंडप देणारे, मंडप देणाऱ्याचे वडील. प्रत्येकाचं नाव दोनदा पुकारायचं आणि फोटोला थांबायचं. मग भाषण. भाषणात फुटबॉल एकदाच आला, तोही 'विरोधकांना आपण गोल करणार आहोत' असा. मी सेंटरला बॉल काखेत धरून उभा. पोरं घामानं भिजलेली, बाजूला उकिडवी बसलेली, अंग गार पडत चाललेलं. एक जण दोनदा येऊन म्हणाला, "सर, पोटऱ्या धरल्यात, चालू करा की." मी मंडळाच्या अध्यक्षाकडे बघितलं, त्यानं आभाळाकडे बघितलं.

पुन्हा शिट्टी मारली तेव्हा सहाला दहा कमी होते. डिसेंबरात आपल्याकडे अंधार कधी पडतो ते तुला सांगायला नको. शेवटच्या दहा मिनिटांत तर मोटारसायकली मैदानाकडे तोंड करून लावल्या आणि हेडलाइटवर खेळ चालला. कॉर्नर आला. बॉल उडाला तेवढा दिसला, मग आठ-दहा अंगं दिसली, मग बॉल जाळीत दिसला. कुणाच्या डोक्याचा, कुणाच्या हाताचा, देव जाणे. लाइनमननं निशाण वर केलं नाही, मी गोल दिला. जिंकलेली टीम साहेबांच्या गावची निघाली. हे मला मॅचनंतर कळलं, पण ते कोण ऐकून घेणार? दगड आले. एका पोराची भुवई फुटली. मला डेअरीच्या मागच्या दारानं बाहेर काढलं. आठवड्यानं आमच्या सौ. लक्ष्मी मार्केटमध्ये भाजीला गेल्या तर एक बाई म्हणाली, "तुमचे हे विकले गेले म्हणं." मला त्या मॅचचे ४० रुपये मिळाले होते.

इतकी वर्षं मी हा किस्सा साहेबांच्या नावानं बोटं मोडत सांगायचो. खरं तर चूक माझी होती. सातवा नियम सांगतो की हाफटाइम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ठरलेली वेळ बदलायची तर रेफ्रीच्या परवानगीनंच. माझ्या! मी परवानगी दिली नव्हती, पण नाहीही म्हटलं नव्हतं. शिट्टी गळ्यात होती. अकराव्या मिनिटाला वाजवली असती तर कदाचित साहेब चिडले असते, कदाचित माइक खाली ठेवला असता. कळायला मार्ग नाही, कारण मी वाजवलीच नाही.

म्हणून तुझ्या 'दहा मिनिटं माइक'ला मी दहा मिनिटं मोजतच नाही. माइक हातात आला की घड्याळ त्यांचं चालतं. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशीचा तो गोल. तो खरा असेलही. पण भाषणानंतर तो खरा राहिलाच नाही. मैदानावर एका बाजूचा झेंडा लागला की प्रत्येक फाउल, प्रत्येक थ्रो-इन त्या झेंड्याच्या हिशेबात जातो. रेफ्री बिचारा निवडणुकीला उभा नसतो, पण पडतो तोच.

आता जुन्या मंडळींचा दुसरा मुद्दा, वरपर्यंत पुढारीच बसलेत. बसलेत, खोटं नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष २०२२ पर्यंत प्रफुल्ल पटेल होते. त्यांच्यानंतर कल्याण चौबे आले, ते भाजपचे. त्या निवडणुकीत त्यांनी भारताचा माजी कॅप्टन बायचुंग भुतियाला ३३ विरुद्ध एक असं हरवलं, आणि भुतियाही काही राजकारणाबाहेरचा नव्हे, २०१४ ला दार्जिलिंगमधून तृणमूलच्या तिकिटावर लोकसभेला पडलेला. चौबे तरी गोलकीपर होते, भुतिया तर भुतियाच. लायबेरियाचा जॉर्ज वेया १९९५ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, तो २०१७ ची निवडणूक जिंकून देशाचा अध्यक्ष झाला. व्हावं की. बूट काढून ठेवल्यावर माणसानं काय करायचं तो त्याचा प्रश्न. खुर्चीवर कोण बसतो ही एक गोष्ट, आणि चुन्याच्या रेघेच्या आत कोण काय विकतो ही दुसरी.

राजकारण मैदानात नकोच, असंही मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर २९ जुलै १९११ पुसून टाकावं लागेल. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबनं आयएफए शिल्ड स्पर्धेच्या फायनलला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्कराच्या टीमला २-१ हरवलं, आणि एखादा सोडला तर सगळे अनवाणी खेळले होते. त्या मॅचला नुसता खेळ म्हणणारा माणूस मला दाखव. अलीकडचं सांगायचं तर ऑगस्ट २०२४. कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला, शहर पेटलं, आणि ड्युरँड कपमधली मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅच रद्द केली. तर जन्माचे वैरी असलेले दोन्हीकडचे लोक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहून न्याय मागत होते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या दोन टीमचे लोक एका ओळीत उभे राहतील का, याचा विचार कर, मग तुला त्याची किंमत कळेल. त्या लोकांच्या अंगावर जर्सी होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या, कपाटातून काढलेल्या. कुणी गठ्ठ्यानं आणून वाटल्या नव्हत्या.

तुला बैठकीत जे सांगता येत नव्हतं, ते बहुतेक हेच आहे. पाठ पोराची आहे. त्याला वाटलं म्हणून त्यानं त्यावर काही लिहिलं, तर तो त्याचा विचार, आणि त्याचं कार्डही तोच खाईल. पण इथं सोळा टीमच्या पोरांना कुणी विचारलंय? त्यातल्या निम्म्यांच्या घरचं मत दुसरीकडे असेल. एखाद्याचा चुलता समोरच्या पॅनेलमधून उभा असेल. त्यानं काय करायचं, खेळायचं नाही? की चुलत्यासमोर भाऊंना पाठीवर घेऊन पळायचं?

इटलीत बर्लुस्कोनी होते, एसी मिलान क्लबचे मालक. १९९४ ला त्यांनी पक्ष काढला आणि नाव ठेवलं 'फोर्झा इटालिया', म्हणजे तिकडचे लोक राष्ट्रीय टीमसाठी स्टेडियममध्ये जी आरोळी ठोकतात तीच. पंतप्रधान झाले. साध्या प्रेक्षकाची पंचाईत बघ. आपल्या टीमसाठी ओरडलं तर प्रचार, नाही ओरडलं तर टीम हरतेय आणि हा गप्प. लोकांची आरोळीच पळवली की! तुमच्या मैदानावर हलगी वाजते ना गोल झाल्यावर? ती तशीच राहू दे.

कायद्याचंही थोडं बघ. आचारसंहिता लागलेली असताना मतदारांना वस्तू वाटणं हे आमिषात जातं, आणि जर्सी ही वस्तूच. तक्रार झाली तर वाटपाच्या फोटोत भाऊंच्या शेजारी मंडळाचा अध्यक्ष आणि खजिनदार हसत उभे असतील. खजिनदार म्हणजे तू.

पैशाचं काय, हा खरा प्रश्न. हिशेब घालू. तूट १४ हजारांची. तुमची प्रवेश फी पत्रात नाही, पण आपल्याकडे सातशेच्या आसपास असते. ती पाचशेनं वाढव, सोळा टीमचे आठ हजार आले. कुरकुर होईल, सात-आठ पोरांत वाटले तर माणशी साठ-सत्तर रुपयेच येतात, एका वड्या-चहाचे पैसे. सोळा टीमच्या बाद फेरीत पंधरा मॅच होतात, प्रत्येक मॅचला तुम्ही ती सोनेरी प्लॅस्टिकची 'मॅन ऑफ द मॅच' ट्रॉफी देत असाल, अडीचशेची. पोराची आई ती दिवाळीला माळ्यावर टाकते. त्याऐवजी भडंगाचं मोठं पाकीट द्या, सांगलीची शान आणि टीमभर वाटून खाता येतं. त्यात पावणेतीन-तीन हजार वाचतील. राहिले तीन. ते साउंडवाल्याचे कापा. सेवन-अ-साइडला चार बॉक्स कशाला लागतात? निवेदकाला लांबवर ऐकू जायला नको असतं, त्याला स्वतःला ऐकायचं असतं.

भाऊंना मात्र तोडू नकोस, गावात राहायचंय. घरी जा, चहा घे आणि सांग की वर्गणी आनंदानं घेऊ, पावती फाडू, देणगीदारांच्या फळ्यावर तुमचं नाव लिहू, चहाच्या टपरीवाल्याच्या नावाखाली, त्याच अक्षरात. मॅच बघायला या, सतरंजीवर बसा. बक्षीस समारंभाला शेवटच्या शिट्टीनंतर या, दोन शब्द बोला, आणि दुसऱ्या इच्छुकालाही आम्ही बोलावलंय. हे शेवटचं वाक्य ऐकून ते वर्गणीही देणार नाहीत, अशी माझी अटकळ आहे. दिली तर माणूस बरा आहे. मला कळव, सतरंजीवर शेजारी बसायला मी येतो.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, मिरजेत फुटबॉलच्या कोचिंगला जातो. गेल्या महिन्यात रविवारच्या मॅचनंतर सगळ्या मुलांना किटवरच एका उमेदवाराची पत्रकं वाटायला पाठवलं. मुलगा म्हणतो, नाही गेलो तर टीममधून काढतील. तक्रार करू का?

उत्तर : ताई, मुलाची भीती खोटी नाही, म्हणून आधी तिचा विचार करू. एकट्या गेलात तर तुमचा मुलगा बेंचवर बसेल. तीन-चार आया मिळून जा, आणि शक्यतो प्रॅक्टिसच्या वेळी नको, फी भरायच्या दिवशी जा. त्या दिवशी कान चांगले उघडे असतात.

सांगायला हातात काय आहे? ५ फेब्रुवारी २०२४ ला, लोकसभेच्या आधी, भारत निवडणूक आयोगानं सगळ्या पक्षांना बजावलं होतं की प्रचारात लहान मुलांना कुठल्याही प्रकारे वापरायचं नाही. पत्रकं वाटायला नाही, घोषणा द्यायला नाही, रॅलीत नाही. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तो आयोग वेगळा, पण बारा वर्षांचं पोर दोन्हीकडे बारा वर्षांचंच. हे कोचना शांतपणे सांगा. बहुतेक कोच वाईट नसतात. मैदानाचं भाडं थकलेलं असतं आणि कुणीतरी ते भरलेलं असतं. मीही शाळेत असताना वरून निरोप आला म्हणून पोरांना उन्हात रांगेत उभं केलंय, गाडी यायची म्हणून. दोन पोरं चक्कर येऊन पडली. त्यातला एक आता विश्रामबागला दवाखाना चालवतो, आणि बीपी तपासताना दर वेळी आठवण काढतो. समजावूनही ऐकलं नाही, तर लेखी तक्रार करा, आणि मुलासाठी दुसरं मैदान बघायला लागा. मिरजेत फुटबॉलला तोटा नाही.

प्रश्न : आम्ही साताऱ्यातले कॉलेजचे विद्यार्थी. आमच्या मॅचला 'मतदान करा' असा फलक लावायचा आहे. हाही प्रचारच होतो का?

उत्तर : नाही होत. आणि तुमच्या आधी मोठ्या माणसांनी हे करून ठेवलंय. ब्राझीलमध्ये लष्कराची राजवट होती तेव्हा कोरिंथियन्स क्लबमध्ये सॉक्रेटिस खेळायचा. डॉक्टर माणूस, उंच, दाढीवाला. त्या टीमनं क्लबचे निर्णय हात वर करून घ्यायला सुरुवात केली, मॅचच्या आदल्या रात्री हॉटेलात डांबून राहायचं की नाही, इथपर्यंत. एका माणसाला एक मत, मग तो कॅप्टन असो की किट सांभाळणारा. १९८२ च्या नोव्हेंबरात निवडणूक आली, तेव्हा त्यांनी जर्सीच्या पाठीवर छापलं : १५ तारखेला मतदान करा. कुणाला करा ते नाही. तेवढंच, आणि त्या काळात तेवढंही पुष्कळ होतं.

तेव्हा लावा. गोलच्या मागे मात्र नको, तिथं पांढरं कापड फडकलं की मारणाऱ्याला पोस्ट दिसत नाही. तारीख लिहा, वेळ लिहा, ओळखपत्र न्यायला सांगा. खाली 'सौजन्य' म्हणून कुणाचंही नाव नको, छापखानेवाल्याचंसुद्धा. आणि फलक रंगवायच्या आधी एक करा, तुमच्या अकरा जणांत यादीत नाव किती जणांचं आहे ते विचारून घ्या.